डिकीचे रबर

गाडी घेताना आम्ही आधी इंजिन पाहिले नाही, आसनाची उंची पाहिली. हे वाचून आपल्याला कदाचित हसू येईल. ज्यांच्या घरी गुडघ्यांनी किंवा मूत्रपिंडांनी हार खाल्लेले माणूस आहे, त्यांना मात्र येणार नाही.

माझ्या यजमानांना आठवड्यातून दोनदा वाईहून साताऱ्याला डायलिसिससाठी न्यावे लागते. जाऊन-येऊन साधारण सत्तर किलोमीटर, म्हणजे वर्षाकाठी सात हजारांहून अधिक. चार तास यंत्राला जोडलेला माणूस उठतो तेव्हा बहुधा त्याचा रक्तदाब उतरलेला असतो, पाय आपले वाटत नाहीत. अशा वेळी एस.टी.ची पायरी चढणे होत नाही आणि दर खेपेस भाड्याची गाडी निवृत्तिवेतनात बसत नाही. म्हणून मी, वयाच्या बासष्टाव्या वर्षी, सत्तर हजार रुपयांना 2006 सालची एक उंच छताची छोटी गाडी घेतली. मीटरवर 1,38,000 किलोमीटर होते. माझाच एक जुना विद्यार्थी आता गॅरेज चालवतो, त्याने ब्रेकच्या पेडलवरचे झिजून गुळगुळीत झालेले रबर दाखवले आणि म्हणाला, "बाई, मीटरपेक्षा याच्यावर विश्वास ठेवा. गाडी दोन लाख तरी चालली असेल." तरीही मी ती घेतली. आत बसताना यांना वाकावे लागत नव्हते, एवढे मला पुरेसे होते.

पहिल्या वर्षी क्लचप्लेट बदलली, रेडिएटर बदलला, पुढची दोन्ही बुशे बदलली. हे खर्च होणारच, असे धरून मी दरमहा दोन हजार बाजूला टाकत होते. त्याविषयी अधिक लिहीत नाही. लिहायचे आहे ते त्या पावसाळ्याविषयी.

आषाढात काचा बंद ठेवून आम्ही जाऊ लागलो आणि यांचे डोके दुखू लागले. डायलिसिसनंतर डोके दुखणे ही नवलाची गोष्ट नव्हे, हे या आजाराच्या घरांना ठाऊक असते; मीही तेच धरून चालले. कधी मळमळे, कधी गुंगी येई. मी घरातले ऑक्सिमीटर बोटाला लावून पाही. आकडा 97. मी निश्चिंत होई. माझेही डोके जड होत असे, पण ते महामार्गावरच्या ट्रकांच्या माथी मारून मी मोकळी होत असे.

एके दिवशी केंद्रातील सिस्टरांनी सुई टोचण्याआधी सहज विचारले, "काका, अजून तर मशीन सुरूही केले नाही, मग डोके आत्ताच कसे दुखते?"

उत्तर माझ्यापाशी नव्हते. डॉक्टरांना सांगितले तेव्हा त्यांनी औषधांची यादी पाहण्याआधी दोन प्रश्न केले: गाडी किती जुनी आहे, आणि काचा बंद असतात का? मग म्हणाले, "आज काचा उघड्या ठेवून जा, आणि उद्या गाडी दाखवा."

गाडी जॅकवर चढली. मागच्या सायलेन्सरच्या जोडापाशी गंजून बोट जाईल एवढे भोक पडलेले होते आणि डिकीचे रबर एका कोपऱ्यात फाटून लोंबत होते. धूर खालून निघे आणि त्या फटीतून आत येई. आवाज थोडा वाढला होता, हे खरे. पण जुनी गाडी आवाज करतेच, असे आपण म्हणतो ना, तसेच मी म्हटले होते.

धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट धरतो. मूत्रपिंडाच्या रुग्णांचे हिमोग्लोबिन बहुधा आधीच कमी असते. म्हणजे ज्याच्या गाठीशी थोडेच, त्याच्याच घरी चोरी. आणि बोटावरचे ते लहानसे यंत्र या वायूने व्यापलेल्या हिमोग्लोबिनला प्राणवायूने भरलेले समजते, म्हणून आकडा चांगलाच दाखवते. हे डॉक्टरांनी सांगितले तेव्हा मला माझ्या त्या निश्चिंतपणाची लाज वाटली. आपल्या घरात कोणाला गाडीत बसल्यावर डोके दुखू लागत असेल, मोकळ्या हवेत उतरल्यावर कमी होत असेल आणि शेजारी बसलेल्यालाही तसेच होत असेल, तर ऑक्सिमीटरचा आकडा मनावर घेऊ नका. काचा उघडा, गाडी थांबवून सगळे खाली उतरा, डॉक्टरांना कळवा आणि गाडी दुरुस्त होईपर्यंत तिच्यात रुग्णाला बसवू नका.

सायलेन्सरचा मागचा भाग, गॅस्केट आणि डिकीचे रबर मिळून 3,400 रुपये झाले. वेल्डिंग करून सातशेत भागले असते, असे शेजारच्या एका गृहस्थांनी सुचवले. गंजलेल्या पत्र्यावर वेल्डिंग किती दिवस धरते, हे माझ्या विद्यार्थ्याने मला सुट्या भागावर टिचकी मारून दाखवले. पत्रा बिस्किटासारखा तुटला.

आता दर तीन महिन्यांनी गाडी उचलून खालून पाहणे होते. टायरच्या कडेवरचे चार अंकही मी वाचायला शिकले आहे: पहिले दोन आठवडा सांगतात, पुढचे दोन वर्ष. नक्षी शाबूत दिसणारे एक टायर त्यामुळेच दहा वर्षांचे निघाले. यांचा फिस्टुला डाव्या हातात आहे, म्हणून उतरताना त्या हातावर भार येऊ नये यासाठी मी उजव्या बाजूला वर एक मूठ बसवून घेतली.

त्यानंतरच्या पहिल्या खेपेला पाऊस कोसळत होता. काचा बंद होत्या. पाचवडच्या पुढे मी चारदा विचारले, "अहो, डोके?" चौथ्यांदा हे वैतागून म्हणाले, "डोके ठीक आहे. तू समोर बघ."