मोडलेले गाडे

पौषी पौर्णिमेला आंबेगाव तालुक्यातील थापलिंगच्या खंडोबाची यात्रा भरली, की जुन्नरपासून घोडनदीपर्यंतच्या मुलखातील गाडामालकांचे चित्त जिच्यावर खिळते ती बैलगाडा शर्यतीची चढण, म्हणजे घाट, अवघ्या काही सेकंदांत पार होते; परंतु त्या सेकंदांमागे वर्षभराचा खुराक, सराव आणि मिनतवारी असते. खिलार बैलाच्या पाठीवरची झूल उतरवून, कपाळीचा भंडारा तसाच ठेवून, जुंपणारे तिघेचौघे त्याला अंगाने रेटीत जूखाली आणतात. पुढे घोडेस्वार निघतो, मागे दोन जोड्यांचे चार बैल गाडीवानावाचून उधळतात, आणि ‘भिर्रर्र’ असा पुकारा विरतो न विरतो तोच बारी, म्हणजे त्या गाड्याची धाव, संपलेली असते. हे चार बैल पुष्कळदा निरनिराळ्या गोठ्यांतले असतात. मेहुण्याचा एक, शेजारगावच्या स्नेह्याचे दोन, असा जमवलेला गाडा हा भरवशावर उभा राहिलेला संघच होय.

७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या शर्यतींना मनाईचा हुकूम दिला, तेव्हा असे कित्येक संघ मोडले. भक्तीच्या नावाखाली बैलांना टोचण्या लावल्या जात, शेपट्या पिरगाळल्या जात, हे मी स्वच्छ कबूल करतो. त्या क्रौर्याला आळा घालणे न्याय्यच होते. २०१७ साली विधिमंडळाने शर्यतींना परवानगी देण्यासाठी केलेला कायदाही उच्च न्यायालयात अडकला, आणि सशर्त मुभा मिळाली ती १६ डिसेंबर २०२१ रोजी. १८ मे २०२३ला घटनापीठाने कायद्यावर शिक्कामोर्तब केले. पण २०१४ साली चार वर्षांचा असलेला ऐन उमेदीतला बैल मुभा मिळाली त्या दिवशी अकरा उलटून गेलेला होता. कज्ज्याची मुदत बैलाच्या तारुण्याहून लांब ठरली. नांगराची सवय नसलेले ते जनावर कुणी विकले, कुणी दूध-अंडी घालून दावणीला तसेच सांभाळले. आणि घाट पुन्हा गजबजले तेव्हा त्यांत उतरले ते नवे बैल व नव्या जोड्या.

खेळ थांबला तरी त्याची आठवण जपता येते. इंग्लंडात विंबल्डन येथे ब्रेक नसलेल्या मोटारसायकलींच्या शर्यतींचा एक नामांकित संघ होता. १९९१ साली त्याला आपले मैदान सोडावे लागले, तरी त्याच्या सामन्यांचे निकाल हौशी मंडळींनी आस्थेने जपले आहेत. आमच्या मोडलेल्या गाड्यांचे दप्तर कुठे आहे? एखादी इनामाची ढाल, रंग उडालेले यात्रेचे हस्तपत्रक, आणि गोठ्यातल्या भिंतीवर हार घातलेली बैलाची तसबीर, एवढ्यावर तो इतिहास तगून आहे. यात्रा समित्यांना माझी कळकळीची विनंती आहे, की बक्षिसांच्या रकमा वाढवण्याआधी त्यांनी एक वही करावी, आणि कोणता बैल कुणाचा, कुणाशी जुंपलेला, कोणत्या घाटात किती सेकंदांत गेला, हे जुन्या जुंपणाऱ्यांच्या तोंडून उतरवून घ्यावे; त्यांतले बरेचजण आता थकले आहेत.