ताणाच्या चार पायऱ्या



आजचा पाठ पाठ्यपुस्तकातला नाही. तो मला माझ्या मावसबहिणीनं शिकवला. ती परिचारिका आहे, सरकारी दवाखान्यातल्या मानसिक आरोग्य विभागात काम करते. गावाकडची माणसं तिला 'सिस्टर' म्हणतात, मी ताई म्हणतो. मी धाराशिव जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर तिसरीचा वर्ग शिकवतो. सुट्टीत भेटलो की ती तिच्या कामाचं बोलते, मी शाळेचं. रुग्णाचं नाव-गाव ती कधीच सांगत नाही, तो तिच्या कामाचा नियम आहे. पण या गप्पांतून एक गोष्ट माझ्या लक्षात आली. घाबरलेल्या माणसाशी कसं बोलावं, हे परिचारिकांना रीतसर शिकवलं जातं. आणि ते आपल्या वर्गातही लागू पडतं. म्हणून हा लेख.

१) ताण आला की शरीर काय करतं?

समजा, वावरातून चालताना तुमच्या पायापुढून साप गेला. काय होतं? छाती धडधडते, श्वास वाढतो, तोंडाला कोरड पडते, तळहाताला घाम सुटतो. हे भित्रेपणाचं लक्षण नाही. मेंदूनं धोका ओळखला की मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी अ‍ॅड्रिनॅलिन सोडतात. रक्त पचनाचं काम बाजूला ठेवून हातापायांच्या स्नायूंकडे धावतं. आता लढायचं किंवा पळायचं. वॉल्टर कॅनन या अमेरिकन शरीरशास्त्रज्ञानं १९१५ साली ही 'लढा किंवा पळा' प्रतिक्रिया मांडली. यात आणखी एक प्रकार असतो, जागच्या जागी थिजण्याचा. वर्गात प्रश्न विचारल्यावर काही लेकरं दगडासारखी उभी राहतात ना, ते हेच. त्याला आपण पटकन 'मठ्ठ' म्हणून मोकळे होतो.

आपल्या जिल्ह्याला हे वेगळं सांगायला नको. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला. गणपती विसर्जन करून दमलेली माणसं गाढ झोपेत होती. लातूर आणि आपल्या जिल्ह्यातली कितीतरी गावं दगडमातीच्या भिंतींखाली गेली, हजारो माणसं दगावली. आपल्याकडच्या सास्तूरचं नाव तेव्हा सगळ्या देशानं ऐकलं. मी तेव्हा अगदी लहान होतो. पण माझ्या आजीचं माहेर लोहारा भागातलं. भूकंपानंतर कितीतरी वर्षं रस्त्यावरून जड ट्रक गेला आणि जमीन जराशी हादरली की आजी सगळ्यांच्या आधी अंगणात असायची. घरातले हसायचे. आजी हसायची नाही. ताईनं मला पुढं समजावलं की आजीचं शरीर तिला वाचवायचं काम करत होतं. फक्त त्याला धोका संपल्याचं कुणी कळवलं नव्हतं.

हान्स सेली या शास्त्रज्ञानं १९३६ साली आणखी एक गोष्ट दाखवली. ताण लांबत गेला की शरीर तीन अवस्थांतून जातं. पहिल्यांदा धोक्याची घंटा वाजते. मग शरीर तग धरतं. आणि शेवटी थकून जातं. आपला कोरडवाहू शेतकरी बघा. एका वर्षी पाऊस दगा देतो, दुसऱ्या वर्षी सोयाबीनला भाव नसतो, तिसऱ्या वर्षी लेकीचं लग्न निघतं. बाहेरून माणूस तग धरून असतो. आतून कधी थकला, हे घरच्यांनाही कळत नाही.

२) सिस्टरांचं काम कुठं सुरू होतं?

२०१५ साली राज्य सरकारनं शेतकरी आत्महत्या रोखण्यासाठी बळीराजा चेतना अभियान सुरू केलं. त्यासाठी दोनच जिल्हे निवडले होते, यवतमाळ आणि आपला तेव्हाचा उस्मानाबाद. त्याच सुमारास मराठवाडा-विदर्भातल्या १४ जिल्ह्यांसाठी प्रेरणा प्रकल्प आला. आशाताई प्रश्नावली घेऊन घरोघरी जायच्या, झोप लागते का, जेवण जातं का, मन उदास आहे का, असं विचारायच्या. ज्यांना गरज आहे त्यांना दवाखान्यात पाठवायच्या. तिथं मानसोपचारतज्ज्ञ, समुपदेशक, सामाजिक कार्यकर्ते आणि परिचारिका असा चमू असतो.

डॉक्टर तपासतात, गोळ्या लिहून देतात. पण रुग्णाजवळ जास्त वेळ असते ती परिचारिका. रुग्ण ओरडला तर तिच्यावर, रडला तर तिच्यापाशी. नातेवाईक विचारतात, "सिस्टर, हे बाहेरचं तर नाही ना?" कुणी म्हणतं, "आता येरवड्याला न्यावं लागंल का?" येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी इथं राज्याची प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत. पण आपल्या बोलीत 'येरवडा' हा शब्द धाक दाखवायलाच जास्त वापरला जातो. कुणी जीव द्यायचा प्रयत्न केला असेल तर पोलिस केस होईल म्हणून घरचे लपवतात. खरं तर २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा २०१८ पासून लागू आहे. त्यानुसार असा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच आधी धरलं जातं, आणि त्याला उपचार व आधार देणं ही सरकारची जबाबदारी आहे. हे पालकसभेत सांगायला हरकत नाही. मी सांगतो.

३) चार पायऱ्या

आता मुख्य पाठ. हिल्डेगार्ड पेप्लाऊ नावाच्या अमेरिकन परिचारिका होऊन गेल्या. १९५२ साली त्यांचं परिचारिका आणि रुग्ण यांच्या नात्यावरचं पुस्तक आलं. मानसिक आरोग्याची शुश्रूषा शिकताना त्यांचं नाव येतंच. त्यांनी चिंतेच्या चार पायऱ्या सांगितल्या. ताईनं त्या मला वहीच्या मागच्या पानावर काढून दाखवल्या होत्या.

पहिली पायरी, सौम्य. थोडी धाकधूक असते, पण डोकं तल्लख चालतं. स्नेहसंमेलनात स्टेजवर जाण्याआधीचं लेकरू आठवा. या पायरीवर माणूस शिकू शकतो, उलट चांगलं शिकतो.

दुसरी पायरी, मध्यम. लक्ष आखडतं. समोरचं तेवढंच दिसतं, बाजूचं सुटतं. एकाच वेळी चार सूचना दिल्या तर एकच कळते. इथं माणसाला बोलतं करावं, एका वेळी एकच काम द्यावं.

तिसरी पायरी, तीव्र. डोकं दुखतं, पोटात कळ येते, एकाच गोष्टीभोवती मन फिरत राहतं. इथं शिकवणं थांबवायचं. आवाज खाली आणायचा, वाक्य लहान ठेवायचं. "इथं बस. पाणी पी. मी इथंच आहे." बस, इतकंच.

चौथी पायरी, घबराट. माणूस स्वतःच्या ताब्यात नसतो. समजावून सांगितलेलं कानापर्यंत पोचतच नाही. "का केलंस?" हा प्रश्न तर विचारायचाच नाही. गर्दी हटवायची, शांत जागी न्यायचं, न विचारता अंगाला हात लावायचा नाही आणि एकटं सोडायचं नाही.

ताईचं म्हणणं एकच असतं. "समोरचा कुठल्या पायरीवर उभाय ते बघ, मग तोंड उघड." आपण शाळेत काय करतो? लेकरू तिसऱ्या पायरीवर असतं आणि आपण पहिल्या पायरीचं भाषण देतो. शब्द चांगलेच असतात, पण ते ऐकण्याच्या अवस्थेत लेकरू नसतं.

४) आणि सिस्टरांचं काय?

एकदा ताई दिवाळीला आली तेव्हा नेहमीसारखी बोलत नव्हती. तिच्या पाठपुराव्यातला एक रुग्ण गेला होता. औषध नियमित घेणारा, येताना हसून बोलणारा. त्यानं जीव दिला. ताईला झोप लागेना. घास घशाखाली उतरेना. फोन वाजला तरी दचकायची. "माझ्याकडून काय बघायचं राहिलं?" हेच डोक्यात. दुसऱ्या विभागात बदली मागायचा अर्जही तिनं लिहून ठेवला होता. इतरांच्या पायऱ्या ओळखणारी बाई स्वतः तिसऱ्या पायरीवर उभी होती.

ती सावरली कशी, हे मी तिला नंतर विचारलं. तिनं सांगितलेलं तुमच्यासाठी मांडतो.

पहिली गोष्ट, त्यांच्या चमूनं एकत्र बसून त्या घटनेवर बोलणं केलं. दोषी शोधायचा नाही, काय घडलं आणि कुणाला काय वाटतंय तेवढंच. तिथं डॉक्टरांच्याही डोळ्यांत पाणी आलेलं तिनं पाहिलं. आपण एकट्याच नाही, हे तिला तेव्हा कळलं.

दुसरी गोष्ट, तिनं कागदावर दोन रकाने पाडले. लाझारस आणि फोकमन या अभ्यासकांनी १९८४ साली ताण हाताळण्याचे दोन मार्ग सांगितले होते. जे आपल्या हातात आहे ते बदलायचं, आणि जे हातात नाही त्याबद्दलच्या भावना सांभाळायच्या. ताईच्या पहिल्या रकान्यात होतं, तारखेला न आलेल्या रुग्णाला त्याच दिवशी फोन करायचा. दुसऱ्या रकान्यात होतं, तो गेला, तो परत येणार नाही, मला त्याचं वाईट वाटतंय. दुसऱ्या रकान्यातल्या गोष्टीवर पहिल्या रकान्याचा उपाय चालत नाही. तिथं रडावं लागतं, बोलावं लागतं, वेळ जाऊ द्यावा लागतो.

तिसरी गोष्ट छोटी आहे. दोन रुग्णांच्या मध्ये हात धुताना ती मनात चार आकडे मोजत श्वास घेते आणि सहा आकडे मोजत सोडते. श्वास सावकाश सोडला की हृदयाची गती उतरते, शरीराला 'धोका टळला' हा निरोप मिळतो. ड्युटी संपताना पुढच्या सिस्टरला चार्ज देताना ती रुग्णांची माहिती देतेच. शिवाय मनात म्हणते, आता हे तुझ्याकडे, मी उद्या येते.

वाईट उपायही तिनं सांगितले. रुग्णांची टिंगल करणं, आतून दगड होणं, रात्रभर मोबाइल चाळणं, तंबाखू-दारूचा आधार घेणं. तेवढ्यापुरतं बरं वाटतं, पुढं माणूस कोरडा पडतो. कामाचा ताण दीर्घकाळ हाताळला गेला नाही तर येणाऱ्या अशा थकव्याची जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये कामाशी संबंधित बाब म्हणून नोंद घेतली आहे. म्हणजे हे नाटक नाही.

अर्ज तिनं दिला नाही. अजून त्याच विभागात आहे. मात्र "मला काही होत नाही" असं ती आता म्हणत नाही.

५) माझ्या वर्गात

मध्यंतरी माझ्या वर्गातल्या एका मुलीचे वडील गेले. कसे गेले ते इथं लिहीत नाही, तुम्ही समजून घ्याल. तेरावं झाल्यावर ती शाळेत आली. पाटी धरून बसायची, पण लिहायची नाही. दुपारी पोट दुखायचं. बाहेर मोटारसायकल थांबली की दाराकडे बघायची.

मी ताईला फोन लावला. ती म्हणाली, "पायरी सांग." मी म्हणालो, तिसरी. ताई म्हणाली, "मग पाढे राहू देत. रोजचं वेळापत्रक बदलू नको. लेकरांना उद्या काय होणार हे माहीत असलं की धीर येतो."

तिला दाराजवळची, पण मला दिसेल अशी जागा दिली. "रडू नको" म्हणणं बंद केलं. बाकीच्या लेकरांना समजावलं की तिला वडिलांबद्दल विचारायचं नाही, खेळायला मात्र बोलवायचं. रोज हजेरी झाली की तिच्याकडे एक ठरलेलं काम, खडूची पेटी आणायचं. परिपाठानंतर सगळ्या वर्गाचा सावकाश श्वासाचा खेळ सुरू केला. पोटावर हात ठेवायचा, फुगा फुगवायचा, हळूहळू हवा सोडायची. तिच्या आईला दवाखान्याची माहिती दिली. आईलाही झोप नव्हती. दोघी जाऊन आल्या.

साधारण दीड महिन्यानं ती एक दिवस खडूची पेटी टेबलावर ठेवून म्हणाली, "सर, आज फळ्यावर तारीख मी लिहू का?" लिहिली. सगळं ठीक झालं असं मी म्हणणार नाही, वडिलांची जागा रिकामीच आहे. पण ती एक पायरी खाली उतरली होती.

त्या दिवसांत माझीही झोप उडाली होती. घरी आलो की चिडचिड व्हायची. ताईच्या वहीतलं पान मी स्वतःलाही लावून बघितलं. आमच्या मुख्याध्यापकांशी रोज शाळा सुटल्यावर दहा मिनिटं बोलायचं ठरवलं. ते उपाय सांगत नसत, चहा पाजत आणि ऐकून घेत. तेवढ्यानं पुरलं.

मित्रांनो, आशाताई, अंगणवाडीताई, परिचारिका, शिक्षक अशी आपण सगळी माणसं दुसऱ्याचं दुःख रोज हातात घेतो. म्हणून उद्या वर्गात जाण्याआधी दोन प्रश्न विचारून बघा. समोरचं लेकरू कुठल्या पायरीवर आहे? आणि मी कुठल्या? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तिसरी किंवा चौथी असेल तर आधी कुणाशी तरी बोला. जवळचं कुणी नसेल तर टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक आहे. मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. हा क्रमांक शाळेच्या फलकावर लिहून ठेवा. पालकांची नजर तिथं जाते.

तुमच्या वर्गातला असा अनुभव असेल तर लेकराची ओळख न देता नक्की कळवा.