‘टेस्टी’ आजोबा

परवां सकाळीं मी वर्तमानपत्र वाचीत बसलों असतां आमची सातवींतील नात इंग्रजी गोष्टींचें पुस्तक घेऊन आली. “आजोबा, ह्यांतल्या म्हाताऱ्याला ‘टेस्टी’ म्हटलें आहे. माणूस टेस्टी कसा असेल?” तिच्या डोळ्यांपुढें बटाटेवडाच उभा असावा! मीं वसकन् म्हटलें, “डोळे उघडून स्पेलिंग वाचीत जा!” पोर हिरमुसली आणि निघून गेली.

मागाहून मीं कोश उघडला. चवदार या अर्थाच्या इंग्रजी शब्दांत ‘टी’पुढें ‘ए’ येतो. ह्यांत ‘ई’ आहे. देवनागरींत दोन्ही शब्द सारखेच लिहिले जातात, तेव्हां मुलीचा गोंधळ अगदींच अक्षम्य नव्हता.

ह्या शब्दाचें कुळ मोठें मौजेचें आहे. जुन्या फ्रेंच भाषेंतील ‘डोकें’ या अर्थाच्या शब्दावरून तो आला. आणि त्याचें मूळ लॅटिन ‘टेस्टा’, म्हणजे मातीचें भांडें किंवा खापर. संस्कृतज्ञांस येथें ‘कपाल’ आठवेल. पुरोडाश भाजावयाचें खापर तें कपाल, आणि माणसाची कवटी तीही कपालच! आरंभीं हा शब्द हट्टी, उतावळ्या माणसास लावीत. पुढें तो क्षुल्लक कारणानें चिडणारास लागूं लागला.

म्हणून त्याचें भाषांतर ‘क्रोधी’ असें करूं नये. दुर्वासांस तो शोभणार नाहीं. चहा निवला, चष्मा सांपडला नाहीं, वाचतांना कोणी मध्येंच बोललें, एवढ्यावरून जो करवादतो त्याचें हें विशेषण. आपला ‘चिडखोर’ त्याच्या जवळचा. इंग्रजींत तें माणसासच नव्हे, तर उत्तरासही लावतात. तेथें मात्र मराठींत ‘तुसडें’ म्हणावें लागेल.

‘तुसडें उत्तर’ असें लिहितांना माझा हात थबकला. पस्तीस वर्षें वर्गांत मीं अशीं उत्तरें किती दिलीं असतील! मुलें गप्प बसत, आणि मी तिला शिस्त समजत असें. त्या शांततेंत किती प्रश्न विझले, कोण जाणे.

सायंकाळीं नातीस जवळ बोलावून अर्थ सांगितला. तिनें उदाहरण मागितलें. “सकाळचे तुझे आजोबा,” मीं म्हटलें. ती हंसली, तिनें तें वहींत टिपून घेतलें, आणि मग हळूच म्हणाली, “उद्यां आणखी एक शब्द विचारूं का?”

विचार म्हणालों खरा. पण एवढ्यासाठीं तिला परवानगी मागावीशी वाटली, हें मनांत अजून सलतें आहे.