वापरणारे किती?

गेल्या जूनमध्ये आम्ही मुलुंड सोडून बोरिवलीस राहावयास आलो. नकाशावर पाहिले तर ही दोन उपनगरे पाठीला पाठ लावून बसलेली आहेत. मध्ये काय तो राष्ट्रीय उद्यानाचा डोंगर. पण मध्य रेल्वेवर आयुष्य काढलेल्या माणसाला पश्चिम रेल्वेवर जाऊन राहणे हे परगावी जाण्यासारखेच वाटते. सामान हलले, गॅस जोडून झाला, पुस्तकांची खोकी भिंतीशी रचली गेली, आणि आता घर लागले असे म्हणणार तोच घरात इंटरनेट नाही हे ध्यानात आले. घर पाहताना पाणी किती वेळ येते, ऊन कोणत्या बाजूने येते, स्थानक किती दूर आहे हे सारे आम्ही विचारले होते. ही एक तार कोठून येणार, हे विचारावयाचे राहून गेले. पुढे नऊ दिवस त्या तारेने आमच्याकडून बराच अभ्यास करवून घेतला. त्यातले काही धडे संकोचाचे आहेत. तेही येथे नोंदवीत आहोत.

खालच्या पत्रपेटीत तीन कंपन्यांची पत्रके येऊन पडली होती. साहित्य शिकविण्यात ज्याची हयात गेली त्याला कोणताही मजकूर नुसता वाचता येत नाही. शब्दांशी हुज्जत घालण्याची खोड जडलेली असते. पहिल्याच ओळीत होते, ‘१०० एमबीपीएसपर्यंत वेग’. या ओळीतला सर्वांत कामाचा शब्द म्हणजे ‘पर्यंत’ हे शब्दयोगी अव्यय. ‘दुपारपर्यंत येतो’ असे कोणी म्हटले तर ऐकणाऱ्याला काहीतरी हाती लागते. त्यापलीकडे वाट पाहावी लागणार नाही असा तो शब्द असतो. येथे तेच अव्यय उलटे राबविलेले आहे. वेग शंभरावर गेला नाही म्हणजे वाक्य खरे. तो दहा असला तरी खरे, आणि शून्य असला तरीही खरेच. शिवाय हे शंभर मेगाबिट. फायली आपण मेगाबाइटमध्ये मोजतो आणि आठ बिटांचा एक बाइट होतो, तेव्हा सेकंदाला फार तर साडेबारा मेगाबाइट उतरणार. दुसरा शब्द ‘अमर्याद’. त्याच्या डोक्यावर एक बारीक तारा, आणि पत्रकाच्या तळाशी त्या ताऱ्याचा खुलासा : महिन्याला ३३०० जीबीनंतर वेग कमी होईल. आमच्या घराला एवढे कधीच लागणार नाही हे मान्य. तरीही ज्याची मर्यादा आकड्यात छापलेली आहे त्याला अमर्याद म्हणण्याचे धैर्य आमच्या एकाही विद्यार्थ्याने उत्तरपत्रिकेत दाखविलेले नाही. तिसरी गोष्ट किंमत. मोठ्या अक्षरांत ४९९ रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी मिळविला म्हणजे होतात जवळजवळ ५८९.

खुद्द ‘ब्रॉडबँड’ हा शब्दही अभ्यासण्याजोगा आहे. केंद्र सरकारच्या २००४ च्या धोरणात किमान २५६ केबीपीएस वेगाच्या, सदैव चालू असणाऱ्या जोडणीस ब्रॉडबँड म्हटले होते. २०१३ मध्ये ती किमान मर्यादा ५१२ झाली आणि २०२३ मध्ये २ एमबीपीएस. वीस वर्षांपूर्वी ज्या वेगाला हे नाव मिळाले त्याच्या सुमारे चारशे पट वेग आमच्या पत्रपेटीत पडला होता. शब्द तोच राहून अर्थ कसा बदलतो, हे शिकविताना आम्ही वर्गात नेहमीची जुनी उदाहरणे देत आलो. हे ताजे उदाहरण कसे सुचले नाही कोण जाणे.

तिन्ही पत्रकांचा तक्ता करून, रीतसर विचार करून आम्ही सोसायटीच्या सेक्रेटरींकडे गेलो. त्यांनी तक्ता शांतपणे पाहिला आणि म्हणाले, “सर, आपल्या बिल्डिंगमध्ये दोनच वायरी आल्या आहेत.” पुनर्विकासात इमारत उभी राहत असतानाच एका मोठ्या कंपनीने डक्टमधून आपली फायबर प्रत्येक मजल्यावर नेऊन ठेवली होती. दुसरी तार परिसरातल्या केबलवाल्याची. ती शेजारच्या इमारतीच्या गच्चीवरून आमच्या गच्चीवर येत होती. तिसऱ्या कंपनीला आम्ही फोन केला, तेव्हा पलीकडच्या मुलीने पत्ता टिपून घेतला आणि गोड आवाजात सांगितले, “सर, तुमची बिल्डिंग फीजिबल नाही.” म्हणजे आमची निवड बरीचशी आधीच होऊन गेली होती. बिल्डर आणि कंपनी यांच्यात ती झाली, आणि तेव्हा या घराला भिंतीही नव्हत्या. इमारतींच्या आतील या तारांचा प्रश्न ट्रायच्याही लक्षात आलेला दिसतो. इमारतींना त्यांच्या डिजिटल जोडणीवरून तारांकित मूल्यांकन देण्याचे विनियम ट्रायने ऑक्टोबर २०२४ मध्ये काढले आहेत. आमच्या इमारतीला किती तारे मिळतील हे आम्ही सेक्रेटरींना विचारले नाही.

केबलवाला ही मुंबईची स्वतंत्र संस्था आहे. १९९१ मध्ये आखाती युद्ध लोकांनी घरोघर पाहिले, आणि गच्च्यांवरून, झाडांवरून, रस्ते ओलांडून काळ्या तारा पसरू लागल्या. १९९५ मध्ये या व्यवसायासाठी कायदा झाला, तोवर तारा कायद्याच्या पुष्कळ पुढे गेल्या होत्या. पुढे त्याच गच्च्यांवरून आणि त्याच ओळखीच्या बळावर या मंडळींनी इंटरनेट आणले. त्याच वर्षी १५ ऑगस्टला विदेश संचार निगमने इंटरनेट सर्वसामान्यांस खुले केले होते. ते टेलिफोनच्या तारेतून येई आणि ते चालू असेतो फोन बंद राही. ही गोष्ट लक्षात असू द्यावी. पुढे तिचे काम आहे.

गंमत अशी की परदेशांहून समुद्राच्या तळाने येणाऱ्या अनेक केबली आमच्या याच उपनगरांत, अंधेरीजवळच्या वर्सोव्याच्या किनाऱ्यावर जमिनीवर येतात. ३० जानेवारी २००८ रोजी इजिप्तमध्ये अलेक्झांड्रियाजवळच्या समुद्रात दोन केबली तुटल्या, तेव्हा त्याचा फटका थेट भारताला बसला होता. भूमध्य समुद्र आणि अरबी समुद्र पार करून जे वर्सोव्यापर्यंत येते, ते बोरिवलीतल्या एका डक्टच्या तोंडाशी नऊ दिवस अडून राहिले. आमच्या ना-हरकत पत्रावर सही करणारे चेअरमन गावी गेले होते.

त्या नऊ दिवसांत आम्ही मोबाइलच्या डेटावर राहिलो. दिवसाला दीड जीबी. शनिवारी संध्याकाळी जुन्या विद्यार्थ्यांसमवेत आम्ही ऑनलाइन वाचन करीत असतो. त्या शनिवारी चाळीस मिनिटांत आमचा आवाज तुटू लागला. आम्ही प्रथम आपले चित्र बंद केले, मग इतरांना त्यांची चित्रे बंद करावयास सांगितले, आणि अखेर ‘डेटा संपला’ असा संदेश पाठवून बाहेर पडलो. संदेश पाठविल्यावर तो आपण पूर्वी कोठेतरी वाचला आहे असे वाटले. २०२० मध्ये महाविद्यालय ऑनलाइन असताना हेच शब्द आमच्याकडे वारंवार येत. भांडुपला डोंगरउतारावरच्या वस्तीत राहणारी एक विद्यार्थिनी होती. घरात एकच मोबाइल, तो भावाचा, आणि भाऊ सकाळी कामावर जाई. ती तासाला उशिरा येई, चित्र कधीच लावीत नसे आणि अर्ध्यावर नाहीशी होई. आम्ही तिची गैरहजेरी मांडीत असू. नियमच तसा होता, असे म्हणता येईल. परंतु नियम होता म्हणून आम्ही विचार केला नाही, हे अधिक खरे. सप्टेंबर २०१९ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने एका महाविद्यालयीन विद्यार्थिनीच्या याचिकेवर निर्णय देताना इंटरनेट वापरता येणे हा शिक्षणाच्या अधिकाराचा भाग मानला होता. तो निकाल आम्ही तेव्हा वर्तमानपत्रात वाचला होता आणि स्टाफरूममध्ये त्यावर अनुकूल बोललोही होतो. वर्षभरातच हजेरीपट आमच्या हाती होता.

दहाव्या दिवशी ना-हरकत पत्र मिळाले आणि मोठ्या कंपनीचा तरुण प्रतिनिधी अर्ज घेऊन आला. त्याने विचारले, “घरात युजर किती, सर?” आम्ही म्हणालो, “दोन.” आम्ही आणि पत्नी. तो लिहून घेत असताना आतल्या खोलीतून आई बाहेर आली. तिचे वय ८३. ती म्हणाली, “अरे, आणि माझा फोन कुठे लावणार?”

मुलुंडच्या घरी टेलिफोन होता. वडिलांनी १९८३ साली त्यासाठी नाव नोंदविले, आणि तो घरात आला १९९१ साली. त्या काळी सर्वांनाच असे थांबावे लागे. पहिल्या आकड्यांवरून एक्स्चेंज आणि त्यावरून उपनगर ओळखता येई. या शतकाच्या आरंभी मुंबईतल्या क्रमांकांमागे दोनचा आकडा लागला आणि सातांचे आठ झाले, एवढाच काय तो बदल. आईच्या सर्व नात्यागोत्यांना, तिच्या माहेरच्या माणसांना तो एक क्रमांक पाठ होता. डायल-अपच्या दिवसांत आम्ही तासन् तास इंटरनेटवर असू आणि तेवढा वेळ तिला कोणाचाही फोन लागत नसे; तिने ते कधी बोलून दाखविले नाही. १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबईची वीज गेली, राउटर बंद पडला, पण तांब्याच्या तारेला एक्स्चेंजमधूनच वीज मिळत असल्यामुळे आईचा फोन तेवढा वाजत राहिला. मोबाइलचा क्रमांक कंपनी बदलली तरी तोच ठेवता येतो; २० जानेवारी २०११ पासून देशभर ती सोय आहे. त्या जुन्या फोनचा क्रमांक मात्र डोंगराच्या अलीकडे येणार नव्हता. घर सोडताना आम्ही तो परत केला. अर्जावर सही केली आणि पावती घेतली. या सर्व व्यवहारात आईला एका शब्दाने विचारले नाही, हे तिच्या त्या प्रश्नाने आमच्या ध्यानात आले. ‘युजर’ या शब्दात ती बसेल असे आम्हांस वाटलेच नव्हते.

खरे सांगावयाचे तर आमचे मन केबलवाल्याकडे झुकले होते. त्याचे दर शंभरेक रुपयांनी अधिक होते. पण शेजाऱ्यांना आम्ही एकच प्रश्न विचारला होता, “बंद पडले तर कोण येतो?” आणि सर्वांनी त्याच्याच माणसाचे नाव घेतले होते. उंदीर तार कुरतडोत, रस्त्याच्या काँक्रिटीकरणात ती तुटो, तो संध्याकाळपर्यंत शिडी घेऊन हजर होतो. येथले ‘पर्यंत’ विश्वासाचे आहे. मात्र त्याच्याकडे घरचा फोन नव्हता. कंपनीच्या जोडणीत तो होता. आम्ही कंपनीच्या अर्जावर दोनचे तीन केले आणि सही केली. केबलवाल्यास जाऊन कारण सांगितले, तेव्हा तो म्हणाला, “आजींसाठी ना? मग बरोबर केलंत, सर. बंद पडलं तर मला सांगा, बघून देईन.” फायबरवरचा फोन विजेवाचून मुका होतो, म्हणून राउटरला जोडावयाची छोटी बॅटरी कोठे मिळेल तेही त्यानेच सांगितले. अशा माणसांचा व्यवसाय आमच्यासारख्यांच्या सह्यांनीच आटत असणार, हे आम्ही जाणतो.

भांडुपच्या त्या विद्यार्थिनीस आम्ही पत्र लिहिले. ती आता एका शाळेत शिकविते. तिने लगेच उत्तर पाठविले : ‘सर, त्या गैरहजेरीचं काही नाही. मी तास ऐकायचे, एवढं तुम्हाला कळायला हवं होतं.’ यावर काय लिहावे हे आम्हांस अद्याप सुचलेले नाही.

फोन लागला त्या दुपारी आईने आपली जुनी डायरी काढली आणि नवा क्रमांक कळविण्यासाठी एकेकास फोन करावयास बसली. ते काम दोन दुपार चालले. डायरीत बावीस क्रमांक होते. काही ठिकाणी सुना-नातवंडांनी उचलला. काही ठिकाणी, हा क्रमांक अस्तित्वात नाही, असे यंत्राने सांगितले. तिने ती नावे खोडली नाहीत. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी डायरी मिटताना ती म्हणाली, “तेरा जणांना कळवलं.” मग थोड्या वेळाने म्हणाली, “तुमचं ते इंटरनेट चालू असलं तरी हा वाजेल ना?” आम्ही म्हणालो, वाजेल.