तेलातलं औषध आणि पोटातलं जेवण

कॅप्सूलमधलं तेल ही नुसती औषध भरायची सोय, असं माझं पक्कं मत होतं. आळंदीत औषधाच्या दुकानात बसून ड जीवनसत्त्वाची आठवड्याची कॅप्सूल देताना ‘पाण्याबरोबर घ्या’ एवढंच सांगायचो. ‘तुपातून घ्या’ म्हणणाऱ्या वैद्यांचं बोलणं मला केवळ रिवाज वाटायचं.

मत फिरलं ते सायक्लोस्पोरिनबद्दल वाचताना. अवयव बदललेल्या रुग्णांना हे औषध पूर्वी तेलात विरघळवून देत. यकृत बदललेल्या ज्या रुग्णांचं पित्त नळीवाटे बाहेर काढलेलं असे, त्यांच्या रक्तात ते धड चढायचंच नाही. तेल होतं, औषध होतं, आतडं होतं. पित्त तेवढं नव्हतं.

म्हणजे तेल पचल्याशिवाय औषधाला वाट नाही! पित्त तेलाचे बारीक थेंब करतं, स्वादुपिंडातलं लायपेज ते तोडतं. तुटलेला मेद आणि पित्तक्षार यांचे सूक्ष्म पुंजके होतात. पाण्याशी न जमणारं औषध त्यांत बसून आतड्याच्या अस्तराशी पोचतं. पुढचा प्रवास मला अजून थक्क करतो. पेशीत मेद पुन्हा जोडला जातो, त्याचे कायलोमायक्रॉन बनतात आणि ते यकृताकडे जाणारी रक्तवाहिनी सोडून लसीकावाहिन्यांत शिरतात. छातीतून वर चढत ते मानेच्या मुळाशी, डावीकडे, रक्तात उतरतात. त्यांच्यातून गेलेलं औषध यकृताच्या पहिल्या तडाख्यातून वाचतं. १६२२ साली इटलीत गास्पारे असेल्ली यांना नुकत्याच जेवलेल्या कुत्र्याच्या पोटात याच वाहिन्या दुधासारख्या पांढऱ्या दिसल्या होत्या.

म्हणून वैद्यांच्या तुपाकडे मी आता आदराने बघतो. सरसकट मात्र नाही: थायरॉइडची गोळी उपाशीपोटीच घ्यायची. आणि बद्धकोष्ठाला घेतात ते लिक्विड पॅराफिन दिसायला तेलच, पण ते पचत नाही. उलट अ, ड, ई, के ही जीवनसत्त्वं स्वतःबरोबर बाहेर नेतं.

एकादशीला दुकानात विचारणा होतेच, ‘माऊली, उपास आहे, आजची कॅप्सूल घेऊ का?’ मी आधी फराळाचं विचारतो. ताटलीच्या कडेला तूप सुटलेली, शेंगदाण्याचं कूट घातलेली साबुदाण्याची खिचडी असेल, तर खुशाल तिच्याबरोबर घ्या म्हणतो. निर्जळ करणाऱ्यांना सांगतो, एका दिवसाने काही बिघडत नाही. द्वादशीला उपास सोडताना वरण-भात-तुपाबरोबर घ्या.