हवा किती ठेवायची?

माझी शाळेतली एक मैत्रीण लग्न होऊन मॉन्ट्रियलला गेली. रोह्याची मुलगी, कुंडलिकेच्या काठावर वाढलेली. नोव्हेंबरात तिचा फोन आला की पहिली दहा मिनिटं टायरवर जातात! तिकडे १ डिसेंबर ते १५ मार्च गाडीला हिवाळी टायर लावणं कायद्यानेच सक्तीचं आहे. म्हणजे वर्षातून दोनदा चारही चाकं बदला, काढलेले टायर कुठेतरी रचून ठेवा. ‘मग ते ऑल सीझन असतात ते कशाला?’ मी एकदा विचारलं. पारा सात अंशांच्या खाली गेला की साध्या टायरचं रबर कडक होतं, पकड सुटते, हे तिने मला साग्रसंगीत समजावलं. मी इकडे पंखा तीनवर ठेवून ऐकत होते.

आमचा हिवाळा म्हणजे पोपटी. वालाच्या शेंगा आणि भांबुर्ड्याचा पाला मडक्यात भरायचा, शेतात ते उलटं लावून जाळ करायचा. त्या थंडीत टायरच्या रबराला काहीही होत नाही. आमचा टायरचा सीझन जूनमध्ये सुरू होतो. आणि हे मला गाडी घेऊन दोन पावसाळे उलटल्यावर कळलं.

गाडी म्हणजे २०१४ची अल्टो ८००, अर्थातच सेकंडहँड. मास कम्युनिकेशनची डिग्री, सहा वर्षांचं फ्रीलान्सिंग आणि तीन चेक एकाच महिन्यात जमा होण्याचा चमत्कार, या सगळ्याचं ते एकत्रित फलित. घेताना मी रंग बघितला, एसी बघितला, म्युझिक सिस्टिम तर दोनदा बघितली. टायर? ते गोल होते, काळे होते. अजून काय बघायचं असतं?

बाबांनी मात्र पहिल्याच दिवशी चाकाला लाथ मारून बघितली. बाबा एसटीत ड्रायव्हर होते, बत्तीस वर्षं. रिटायर झाले तरी माझ्या शेजारी बसले की त्यांचा उजवा पाय नसलेल्या ब्रेकवर असतो. त्यांनी मला दोन गोष्टी शिकवल्या. उतारावर गाडी न्यूट्रल करायची नाही. आणि पावसाळ्यात हवा कमी ठेवायची. ‘चोवीस ठेव. टायर पसरतो, रस्ता धरतो.’ मी चोवीस ठेवत होते. बत्तीस वर्षांत एकही अपघात न केलेल्या माणसाशी हवेवरून वाद कोण घालणार?

गेल्या वर्षी जुलैत आई आणि मी पेणला गणपतीची मूर्ती सांगायला गेलो होतो. आमच्याकडे दीड फुटाची शाडूची असते आणि आईला ती रंगवायच्या आधी बघायची असते. ती बघितली, पोहे-पापड घेतले, परत निघालो. पेण ते रोहा तसं फार अंतर नाही, चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर. वडखळ, नागोठणे, मग भिसे खिंडीतून उतरलं की घर. मुंबई-गोवा हायवेचं पनवेलपासून इंदापूरपर्यंतचं चौपदरीकरण २०११ मध्ये सुरू झालं आणि पुढे वर्षानुवर्षं रखडलं, हे तुम्हाला सांगायला नकोच. खड्डे, डायव्हर्शन, अर्धवट पूल यांची आम्हाला इतकी सवय झालीय की सरळ, रिकामा रस्ता समोर आला की पाय आपोआप ॲक्सिलरेटरवर पडतो. माझाही पडला. काटा ऐंशीवर.

रस्त्यावर पाण्याचा एक लांबलचक पट्टा साचला होता. त्यात चाकं गेली आणि स्टिअरिंग हलकं झालं. पॉवर स्टिअरिंग असतं तसं हलकं नव्हे. हातात नुसतं चाक, खाली काहीच जोडलेलं नाही, असं! इंजिनचा आवाज एकदम चढला आणि गाडी डावीकडे तिच्या मनाने निघाली. मी ब्रेक मारला नाही. त्यात शहाणपण काही नव्हतं, घाबरून दोन्ही पाय वर आले एवढंच. नंतर वाचलं की तेच बरोबर होतं. दोन-तीन सेकंदांनी चाकांनी पुन्हा रस्ता धरला, आम्ही कडेच्या चिखलात जाऊन थांबलो. मागून येणारा ट्रक हॉर्न वाजवत निघून गेला.

आई पापडांची पिशवी मांडीवर घट्ट धरून बसली होती. बऱ्याच वेळाने म्हणाली, ‘बाबांना सांगू नकोस.’

बाबांना नाही सांगितलं. पण रात्री झोप लागेना म्हणून वाचत बसले. या प्रकाराला हायड्रोप्लेनिंग म्हणतात. टायरच्या खाचा असतात त्या डिझाइनसाठी नसतात, पाणी बाजूला काढायला असतात. खाचांना झेपेल त्याहून जास्त पाणी समोर आलं की टायर पाण्यावर चढतो आणि गाडी होडी होते. मग ब्रेक, स्टिअरिंग, सगळं असून नसल्यासारखं.

१९६३ साली नासाच्या वॉल्टर हॉर्न आणि रॉबर्ट ड्रेहर या दोघांनी याचं एक साधं सूत्र मांडलं. त्यांचा प्रश्न विमानांचा होता, ओल्या धावपट्टीवर उतरताना चाकं घसरतात त्याचा. पण सूत्र गाडीलाही लागू पडतं. टायरमधल्या हवेच्या दाबाचं (पीएसआयमध्ये) वर्गमूळ काढा, त्याला साधारण १६.७ने गुणा. आलेला आकडा म्हणजे ताशी किती किलोमीटरला टायर तरंगायला लागेल तो वेग. टायर गुळगुळीत असेल किंवा पाणी खाचांहून खोल असेल, तेव्हाचा हा हिशोब.

मी मोबाइलवर कॅल्क्युलेटर उघडला. तीस पीएसआयला येतात ९१ किलोमीटर. चोवीसला? ८२.

म्हणजे मी बाबांचं ऐकून ती मर्यादा बरोबर तिथे आणून ठेवली होती, जिथे माझा काटा होता.

सकाळी उठून टॉर्च घेऊन गाडीखाली वाकले. टायरच्या बाजूला बारीक अक्षरात ‘टीडब्ल्यूआय’ लिहिलेलं असतं, तुम्ही कधी पाहिलंय? त्याच्या रेषेत खाचेच्या तळाशी रबराचा एक छोटा उंचवटा असतो, १.६ मिलिमीटरचा. टायर झिजून त्या उंचवट्याच्या पातळीला आला की संपला, कायद्यानेही. माझे पुढचे दोन त्याच्या बरोबरीला आले होते. मागच्यांचं जेमतेम बरं.

मग पेणच्या एका टायरच्या दुकानात गेले. दुकानदार भला माणूस, पण त्याला मला मोठं करायचं होतं. ‘मॅडम, १४५ काय घालताय? १५५ टाकू. गाडी रुबाबदार दिसेल, ग्रिप पण वाढेल.’ माझ्या टायरवरचे आकडे होते १४५/८० आर १२, पुढे ७४टी. पैकी १४५ ही मिलिमीटरमधली रुंदी, ८० म्हणजे उंची रुंदीच्या ऐंशी टक्के, १२ इंचाची रिम. ७४ म्हणजे एक टायर ३७५ किलो पेलतो, आणि टी म्हणजे ताशी १९०, जे माझ्या अल्टोने स्वप्नातही बघितलेलं नाही. कोरड्या रस्त्यावर त्याचं म्हणणं खरं असेलही. साचलेल्या पाण्यात मात्र अरुंद टायर पाणी कापतो आणि रुंद टायर त्यावर बसतो. जिथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तिथे मला रुबाब नको होता. १४५च द्या म्हटलं.

‘ऑल सीझन आहेत ना?’ मी उगाच मैत्रिणीच्या थाटात विचारलं. तो हसला. ‘ताई, आपल्याकडे सगळे ऑल सीझनच. वर्षभर तेच चालवायचे.’ बरोबरच होतं. त्यामुळे मी तीन गोष्टी बघितल्या: रुंद, सलग, उभ्या खाचा, ओल्या रस्त्यावरच्या पकडीबद्दल कंपनी काय सांगते ते (२०२२ मध्ये केंद्राने यासाठी किमान निकष अधिसूचित केलेत), आणि चार आकडी शिक्का. त्यातले पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन वर्ष. दुकानात तीन वर्षं पडून राहिलेला ‘नवा’ टायर नको असेल तर हे जरूर बघा.

पैसे दोनच टायरचे होते. एका मासिकाकडून मार्चपासूनचं मानधन यायचं होतं, ते अजूनही यायचंय, असो. दोन नवे घेतले तर लावायचे कुठे? दुकानदार म्हणाला, पुढे. इंजिन पुढे, ओढ पुढे, झिजतात पुढचे. टायर कंपन्या सांगतात, मागे. आता मात्र बाबांना फोन करावाच लागला, आणि फोन केला म्हणजे सगळं सांगावं लागलं.

ते बराच वेळ गप्प. मग म्हणाले, ‘नवे मागे लाव. पुढचं घसरलं तर गाडी सरळ जाते, वेग कमी केला की सावरते. मागचं घसरलं की गाडी फिरते. मग देवच.’

हे कंपन्या जे चार पानांत सांगतात तेच होतं. माझी हिंमत वाढली. घरी गेल्यावर हवेचा विषय काढला. वर्गमूळ, नासा, सगळं. बाबा ऐकत होते आणि मला त्यांचा चेहरा बघवत नव्हता. बत्तीस वर्षांच्या अनुभवाला मी कॅल्क्युलेटर दाखवत होते.

‘मग आमच्या गाड्या का नाही कधी तरंगल्या?’ त्यांनी विचारलं.

मला उत्तर माहीत नव्हतं. पुन्हा तोच हिशोब केला. बसच्या टायरमध्ये हवा किती? ‘शंभराच्या आसपास,’ बाबा म्हणाले. शंभराचं वर्गमूळ दहा. म्हणजे एसटी तरंगायला ताशी १६७चा वेग हवा! बाबांना हा प्रकार माहीत नव्हता कारण त्यांच्या गाडीला तो होणं शक्यच नव्हतं. आणि हवा कमी ठेवायचं त्यांनी शिकलं होतं ते कच्च्या रस्त्यावरच्या जीपवर, चिखलात. तिथे ते बरोबरच आहे. चिखलात टायर पसरला तर धरतो.

बाबा काही बोलले नाहीत. बाहेर जाऊन गाडीच्या दाराच्या चौकटीवरचं स्टिकर चष्मा लावून वाचून आले. आई आत गेली आणि भिशीचे पैसे घेऊन आली. ‘चारही घाल,’ म्हणाली.

श्रावण सरता सरता आम्ही तिघं मूर्ती आणायला पेणला गेलो. परतताना गणपती मागच्या सीटवर आईच्या मांडीशी, तोंडावर रुमाल. वडखळच्या अलीकडे पंपावर हवा बघायला थांबलो. हवेवाल्या मुलाने बाबांकडे बघून विचारलं, ‘काका, पावसाची चोवीस ठेवू ना?’

‘तीस,’ बाबा म्हणाले. ‘गाडीवर लिहिलंय.’ चारही चाकं होईपर्यंत ते छत्री घेऊन मुलाच्या मागे फिरले. मग माझ्या काचेवर टकटक केली.

‘स्टेपनी बघितलीस?’

नव्हती बघितली. डिकी उघडली, पापडाची खोकी बाजूला केली. शिक्का होता २६१४. गाडीबरोबर आलेलाच टायर. मुलाने गेज लावला, आठ दाखवली.