नवकारशी आणि थायरॉईडची गोळी

थायरॉक्सिनची गोळी रिकाम्या पोटी, नुसत्या पाण्याबरोबर, चहा-नाश्त्याच्या अर्धा-पाऊण तास तरी आधी घ्यायची असते. मग नवकारशी सोडायची का? मी नाही सोडली. सूर्योदयानंतर ४८ मिनिटांनी पच्चक्खाण पारलं की पहिला घोट गोळीचाच, चहा तासाभराने. डॉक्टरांना विचारलं तर म्हणाले, चालेल, फक्त रोजचा नेम मोडू नका. नेमाचं आपल्याला कोण शिकवणार!

खरी कसरत पुढे. लोह आणि कॅल्शियममुळे थायरॉक्सिन नीट अंगी लागत नाही, म्हणून मध्ये ४ तास तरी जाऊ द्यायचे. माझं लोह दुपारी लिंबूपाण्याबरोबर, कॅल्शियम संध्याकाळी चौविहाराआधी जेवताना. बी.कॉम.चा जमाखर्च या वयात गोळ्यांच्या कामी आला. बी-१२ आपल्या ताटात दूध-दह्यापुरतंच, त्यामुळे ती गोळीही आहेच. डी जीवनसत्त्वाची कॅप्सूल बऱ्याचदा जिलेटिनची असते. मी दुधातून घ्यायची पुडी मागून घेते.

आणि केसांसाठी बायोटिन घेत असाल, तर थायरॉईडचा रिपोर्ट फसवा येऊ शकतो. रक्त द्यायच्या आधी ते किती दिवस बंद ठेवायचं, हे डॉक्टरांना जरूर विचारा.